वेढ्यातलं गाव: माणसं निघून का जात नाहीत?

टीव्हीवर वेढलेल्या शहराची बातमी लागली की आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न ठरलेला असतो. "एवढे बॉम्ब पडाय लागल्यात, मग ती माणसं गाव सोडून जाईनात का?"

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा काकू स्वतः चार दिवस माडीवर बसून होत्या. शेजारी तांदळाचं अर्धं पोतं, मांडीवर देवांचा डबा. पहिली बोट आली तर त्यात म्हाताऱ्या सासूला बसवलं आणि स्वतः मागे राहिल्या. का, तर "घर उघडं टाकून कुठं जाऊ?" हे त्यांना आठवून दिलं की त्या म्हणतात, "ते पाणी होतं. हिथं माणसं माराय लागल्यात."

फरक त्यांनी बरोबर धरलाय. आपण तिथूनच सुरुवात करू.

पूर पाहिलेल्या माणसाला वेढा अर्धा आपोआप कळतो. आयर्विन पुलावर 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की आधी दूध बंद होतं. मग नळ जातो. घरात कमरेएवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, हा विनोद आमच्या गावभागात कुणाला विनोद वाटत नाही. मग वीज, मग मोबाईल, मग म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या. आणखी एक गोष्ट कुणी मोजत नाही ती म्हणजे अफवा: धरणातून एवढं सोडलं, तेवढं सोडलं, आज रात्री अजून पाच फूट. माणूस निम्मा पाण्याने आणि निम्मा ऐकीव बातम्यांनी थकतो.

पण कृष्णेचं आपल्याशी वैर नसतं. ती चढते तशी उतरते. बाहेर लष्कर, एनडीआरएफ, शेजारच्या गावची पोरं भाकऱ्यांची गाठोडी घेऊन आत यायची धडपड करत असतात. वेढ्यात बाहेर उभा असलेला प्रत्येक माणूस, आत काही जाऊ नये, म्हणून उभा असतो. गाव उपाशी राहणं हा त्या लढाईचा दुष्परिणाम नव्हे. लढाई तीच असते.

आता त्यामागचं गणित पाहू. ते आपल्या घरातलंच आहे. एप्रिल-मे महिन्यात आपण वर्षाची बेगमी करतो. माणशी महिना दहा किलो धान्य धरलं, तर चार माणसांच्या घराला वर्षाला पावणेपाच-पाच क्विंटल लागतं. धान्य भागिले तोंडं, बरोबर दिवस. वेढ्यात अडकलेला सेनापती रोज सकाळी हाच भागाकार करतो. त्याला दिवस वाढवायचे असतात, कारण बाहेरून मदत येईपर्यंत टिकायचं असतं. दिवस वाढवायचे दोनच मार्ग. एक तर वरचा आकडा वाढवायचा, म्हणजे धान्य शोधायचं. नाहीतर खालचा कमी करायचा, म्हणजे तोंडं घटवायची. बाहेरचा सेनापती हाच भागाकार उलट बाजूने करतो. आत जितकी तोंडं जास्त, तितका वेढा लवकर संपणार.

गावातली माणसं या गणितात सैनिक नाहीत, शत्रूही नाहीत. ती फक्त तोंडं आहेत. काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं एका गावाच्या गोष्टीतून सांगतो, कारण त्या गावात आपली माणसं होती.

इराकमध्ये बगदादच्या खाली, तैग्रिस नदीच्या वळणात कुत नावाचं गाव आहे. आपल्याकडे वाकणातलं गाव म्हणतो तसं. तीन बाजूंना नदी, एका बाजूला मोकळं रान. मातीच्या विटांची घरं, छपराचा बाजार, एक मिनार, धान्याचा व्यापार. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या नोव्हेंबरात, बगदाद घ्यायला निघालेली इंग्रजांची फौज तुर्कांकडून मार खाऊन मागे फिरली आणि 3 डिसेंबरला या गावात शिरली. सेनापती मेजर जनरल टाउनशेंड. फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103 वी, 110 वी आणि 117 वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्या काळात सांगली जिल्हा नव्हताच. इथली काही गावं सातारा जिल्ह्यात, काही संस्थानांत होती. पलटणीत भरती व्हायची ती घाटावरची आणि कोकणातली शेतकऱ्यांची पोरं. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात 46 माणसं गमावली. यातली कोण कुठं पडली ते मला माहीत असल्याचा आव मी आणणार नाही, पण कुतच्या खंदकांत मराठी बोलली जात होती एवढं नक्की. नदीपलीकडे लोकर दाबून गठ्ठे बांधायच्या कारखान्याभोवती एक वस्ती होती. ती राखायला 110 वी मराठा पलटण आणि तिच्या जोडीला राजपुतान्याची एक पलटण होती.

7 डिसेंबरला तुर्कांनी गाव वेढलं. 29 एप्रिल 1916 ला फौज शरण गेली. आत सैनिक आणि त्यांच्यासोबतचे हमाल-स्वयंपाकी मिळून तेरा हजारांच्या घरात माणसं होती, आणि गावातले मूळचे अरब रहिवासी सुमारे सहा हजार. पुस्तकांत पानंच्या पानं त्या तेरा हजारांवर असतात. आपल्याला सहा हजारांकडे बघायचंय.

पहिल्या आठवड्यातच त्यांचं गाव त्यांचं राहिलं नाही. छपराचा बाजार म्हणजे गावाचं पोट. तिथं हिंदी सैनिकांचा दवाखाना झाला. सरपणासाठी घरांचं लाकूड जायला लागलं. दार, चौकट, तुळई. ज्या मुलखात झाड मुश्किलीने दिसतं तिथं दार ही चैनीची वस्तू असते, आणि ते कुणाच्या तरी चहाखाली जळत होतं. लूट करताना सापडलेल्या काहींना गोळ्या घातल्या. गावातल्या काही वजनदार माणसांना ओलीस धरलं, म्हणजे बाकीचे गप्प राहतील. वर तुर्की तोफांचे गोळे पडायचे, ते घर कुणाचं आहे हे विचारून पडत नव्हते. सैनिकाला निदान खंदक असतो. बाई-पोरं घरात असतात, आणि मातीचं घर गोळ्यापुढे पापडासारखं असतं.

टाउनशेंडच्या मनात सुरुवातीलाच आलं होतं की सगळं गाव बाहेर काढावं. भागाकारात खालचा आकडा एकदम सहा हजारांनी कमी! त्याला थांबवलं सर पर्सी कॉक्स या इंग्रज राजकीय अधिकाऱ्याने. डिसेंबरची थंडी, बाहेर रान, रानात लुटारू टोळ्या. बाई-पोरं बाहेर काढणं म्हणजे मारणंच, असं त्याचं म्हणणं. मग बाहेरगावचे जे अडकले होते तेवढ्यांना घालवलं आणि गावकऱ्यांना ठेवलं. हा निर्णय दयेचा होता यात शंका नाही. पण त्याची किंमतही त्याच गावकऱ्यांच्या कणगीतून वसूल झाली, ती कशी ते बघा.

जानेवारीत टाउनशेंडने बाहेर कळवलं की आपल्याकडे थोड्याच आठवड्यांचं अन्न उरलंय. ते ऐकून सोडवायला निघालेली फौज पुरती जमायच्या आधीच घाईघाईने पुढे सरकली. शेख साद, वादी, हन्ना. एकाच महिन्यात तीन लढाया, चिखलात, थंडीत, पुरेशा तंबू-औषधांशिवाय. हजारो माणसं पडली आणि वेढा जागच्या जागी राहिला. त्यानंतर, म्हणजे इतकं सगळं झाल्यावर, कुतमध्ये घराघराची झडती घेतली. सुमारे 900 टन सातू निघाले, 100 टन गहू, 19 टन तूप.

हे कुठं होतं? तिथंच, गावात. भिंतीत, जमिनीखाली.

आपल्याकडे हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढं, हळद भरून वर मातीने लिंपून टाकायचं. वर उभं राहिलं तर खाली लाखोंचा माल आहे हे परक्याला कळायचंही नाही. 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने गेली, ते दुःख सांगलीच्या व्यापाराला अजून आहे. धान्याचीही पेवं पूर्वी गावोगाव असायची. सरदारांचे घोडेस्वार आले की आधी पेव शोधायचे, आणि घरातली म्हातारी पेवावर चूल मांडून बसायची, असं माझी आजी सांगायची. कुतमधल्या माणसांनी वेगळं काय केलं? धान्याच्या बाजारपेठेतला गावकरी आपली वर्षाची बेगमी आणि विकायचा माल परक्या फौजेपासून लपवणारच. ती साठेबाजी म्हणायची की शहाणपण, हे तुम्ही कणगीच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

माझं मत विचाराल तर त्या जानेवारीची सगळ्यात मोठी चूक तोफखान्याची नव्हती, मोजणीची होती. गाव मोजलं नाही. गावात किती माणसं राहतात, ती काय खातात, कुठं ठेवतात, हे सेनापतीने दोन महिने विचारलंच नाही. एप्रिलपर्यंत सोडवणाऱ्या फौजेचे 23,000 च्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, आतल्या तेरा हजारांना सोडवताना. आणि मोजणी झाली ती गावकऱ्याच्या घरात खणती लावून.

सातू सापडले तरी दळायचे कशावर? गिरण्या अपुऱ्या. बाहेरून विमानाने जात्याचे दगड आणून टाकले. हे ऐकून काकू पहिल्यांदा हसल्या होत्या. "आभाळातनं जातं?" पुढे एप्रिलमध्ये धान्याची पोतीही विमानातून टाकली. जगात वेढलेल्या गावाला असं अन्न पोचवायचा हा पहिलाच मोठा प्रयत्न मानतात. तेव्हाची विमानं म्हणजे पतंगाला मोटार लावल्यासारखी. दिवसाला 5,000 पौंड टाकायचं ठरलं होतं. दोन आठवड्यांत सगळे मिळून 19,000 पौंडांच्या आसपास पडले, म्हणजे नऊ टनही नाहीत. काही पोती तैग्रिसमध्ये, काही तुर्कांच्या खंदकात. 270 टन अन्न भरलेली ज्युलनार नावाची आगबोट 24 एप्रिलच्या रात्री नदीतून घुसवायचा प्रयत्न केला, ती तुर्कांनी नदीत ताणलेल्या दोराला अडकली. ते अन्न तुर्कांनी खाल्लं.

शेवटी शेवटी सैनिकाला दिवसाला चार औंस पीठ मिळायचं. चार औंस म्हणजे 113 ग्रॅम. मी घरच्या काट्यावर तोलून पाहिलं. आमच्याकडे ज्वारीची एक भाकरी होते, जरा पातळ थापली तर. दिवसाला एक. हिंदी सैनिकांतले बहुतेक जण घोड्याचं मांस खायला तयार नव्हते. हिंदुस्थानातून धर्माच्या पुढाऱ्यांचे परवानगीचे निरोप मागवले, तरी कितीतरी जण एप्रिलपर्यंत अडून राहिले. गावाला परत गेल्यावर जातवाले काय म्हणतील, ही भीती उपासमारीपेक्षा मोठी होती. भाजीपाला नाही म्हणून हिरड्या सुजल्या. माणसं रानातलं दिसेल ते हिरवं खुडून शिजवत होती, आणि काही जण त्यातल्या विषारी पाल्याने गेले. रानभाजी ओळखायला ते आपलं रान नव्हतं.

हे सैनिकाचं, ज्याला निदान नेमून दिलेलं 113 ग्रॅम होतं. गावकऱ्याच्या पोराला काय मिळत होतं, याची वही कुणी ठेवलेली नाही.

आता काकूंचा प्रश्न पुन्हा. ही माणसं निघून का गेली नाहीत? गेली होती. एप्रिलमध्ये किती तरी जणांनी रात्री नदीत उड्या टाकून पोहत निसटायचा प्रयत्न केला. तुर्कांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कारण तेच, भागाकार. आतली तोंडं बाहेर आली की वेढा लांबतो. म्हणजे आतल्या सेनापतीला ती नको होती आणि बाहेरच्याला ती आतच हवी होती. गाव सोडायचा निर्णय गावकऱ्याचा नसतोच. तो दोन छावण्यांत होतो.

तुम्ही म्हणाल, तेव्हा कायदा नव्हता का? होता, पण याबाबतीत नव्हता. 1907 च्या, युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेग करारात उघड्या, न लढणाऱ्या गावावर तोफा डागू नयेत, दवाखाने आणि देवळं वाचवावीत, एवढं होतं. उपाशी मारण्याबद्दल चकार शब्द नाही. त्याआधी अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 ला जो नियमसंच निघाला, त्यात तर स्पष्ट परवानगी होती की वेढलेल्या गावातून बाहेर काढलेली माणसं शत्रूने पुन्हा आत हाकलावीत, म्हणजे गाव लवकर शरण येईल.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर रशियातलं लेनिनग्राड शहर आठवा. 8 सप्टेंबर 1941 ते 27 जानेवारी 1944, जर्मनांचा वेढा 872 दिवस. पहिल्या हिवाळ्यात साध्या नागरिकाला दिवसाला 125 ग्रॅम पाव, त्यातही भुसा आणि काय काय. म्हणजे पुन्हा आपली ती एक पातळ भाकरी, आणि बाहेर बर्फ. नागरिक मेले ते आठ लाखांच्या आसपास. युद्धानंतर न्युरेंबर्गला जर्मन सेनापती फॉन लेब याच्यावर खटला चालला. एक आरोप असा की बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर तोफा डागून त्यांना परत आत ढकलायचे हुकूम होते. 1948 मध्ये न्यायाधीशांनी या आरोपातून त्याला सोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कायदा वेगळा असता तर बरं झालं असतं, पण आहे तो असा आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या युद्धगुन्हेगारांना फाशी झालेल्या त्याच गावात, जेमतेम दोन वर्षांनी, हा निकाल!

कायदा हलला तो त्यानंतर. 1949 च्या जिनिव्हा करारात आलं की वेढलेल्या जागेतून जखमी, म्हातारे, पोरं, बाळंतिणी बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी समझोता करायचा प्रयत्न करावा. "प्रयत्न करावा." ग्रामपंचायतीच्या ठरावात हे शब्द आले की काम होणार नाही हे आपण ओळखतो. 1977 च्या जोड-करारात मात्र कलम 54 स्पष्ट आहे. नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला बंदी. पिकं, धान्य, जनावरं, पिण्याच्या पाण्याची साधनं उद्ध्वस्त करायला बंदी. भारत या जोड-कराराचा सदस्य नाही, हेही जाता जाता सांगतो, कारण आपल्याकडे यावर चर्चा करताना ते सोयीने विसरलं जातं. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही ठराव करून अशा उपासमारीचा निषेध केला.

बातम्यांत "मानवतावादी कॉरिडॉर" असा शब्द येतो तो याच कायद्याच्या पोटातून. सोपं करून सांगायचं तर अमुक रस्त्यावर, अमुक वेळेत, आम्ही गोळी घालणार नाही, असा दोन फौजांनी दिलेला शब्द. तो शब्द दोघांनीही पाळला तर बस निघते. एकाने मोडला तर त्या रस्त्यावर रांगेत उभी असलेली माणसं सगळ्यात सोपं लक्ष्य असतात. म्हणून कॉरिडॉर जाहीर झाला तरी माणसं तळघरातून लगेच वर येत नाहीत. पुरात बोट आली की आपण हात हलवतो. तिथं बस आली तरी आधी कोण चालवतंय ते बघतात.

कायदा झाल्यावरही बोस्नियातलं साराजेव्हो झालंच. 1992 ते 1996, भोवतीच्या डोंगरांवरून 1,425 दिवस वेढा. लोकांनी बागेतली झाडं तोडून शेगड्या पेटवल्या. विमानतळाखालून सुमारे 800 मीटरचा बोगदा खणला, वाकून चालावं लागेल असा, आणि त्यातून पीठ, औषधं, बंदुका, म्हातारी माणसं, सगळं एकाच रांगेत जायचं. पाण्यासाठी लोक बिअरच्या कारखान्याच्या झऱ्यावर डबे घेऊन रांग लावायचे आणि डोंगरावरून नेमबाज रांग बघत बसलेले असायचे. या वेळी फरक एवढा पडला की त्या डोंगरावरच्या बोस्नियन सर्ब फौजेचा एक सेनापती, गालिच, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर उभा राहिला आणि 2006 मध्ये अपिलात त्याला जन्मठेप झाली. आरोपांतला मुख्य भाग नागरिकांत दहशत पसरवल्याचा होता. 1948 आणि 2006 या दोन निकालांतलं अंतर म्हणजेच या विषयातली प्रगती, तेवढीच.

कुतचं शेवटचं राहिलं. 29 एप्रिलला टाउनशेंड शरण गेला. त्याआधी इंग्रजांनी तुर्कांना पैसे देऊन फौज सोडवायचाही प्रयत्न केला होता. देऊ केलेली रक्कम वीस लाख पौंडांपर्यंत गेली, तुर्कांनी नाकारली. सैनिक कैदेत गेले आणि त्यातले हजारो वाळवंटातल्या पायपिटीत मेले. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. गावकरी गावातच राहिले. तुर्क आत आले आणि इंग्रजांना मदत केल्याच्या संशयावरून त्यांतल्या काहींना फासावर चढवलं. धान्य झडतीत गेलेलं, दारं जळालेली, आणि आता वर हा ठपका, की तुम्ही त्यांना खायला घातलंत.

हे सगळं मी काकूंना दोन-तीन बैठकांत सांगितलं. त्या धान्य निवडत होत्या. तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "आन् पाणी?"

पाणी नदीवरूनच, मी म्हटलं. बायका घागरी घेऊन काठावर जायच्या. पलीकडून तुर्की नेमबाज गोळ्या झाडायचे, त्यात काही बायका गेल्या.

"आन् मग दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायका जायच्या.

काकूंनी सूप झटकलं आणि उरलेला तांदूळ डब्यात ओतला.